जुन्या वजनाची फुगडी

गौरीच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर, मी बसफुगडीला खाली बसले आणि पुन्हा उठलेच नाही. उठताच येईना. शेवटी तिघीजणींनी मिळून मला उचललं. त्या गडबडीत एकीच्या बांगड्या फुटल्या आणि बाकीच्या हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही हसले, कारण चारचौघांत रडण्यापेक्षा ते बरं दिसतं. घरी येऊन मात्र पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिले.

मी उज्ज्वला कोरे. वय सदुसष्ट, मुक्काम सांगली. उभा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला. आता कापड कापायची, शिवायची यंत्रं घरोघरी आली असली तरी आमच्याकडच्या बायकांना माप अजून माणसाच्याच हातचं लागतं, म्हणून माझं बरं चाललंय. फक्त बसून बसून मी चांगलीच ऐसपैस झाले होते. हल्ली आमच्या गावात रिक्षा आपल्याआपण चालतात. मी बसले की रिक्षा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "कृपया भार मध्यभागी घ्या." भार म्हणजे मी.

माझी फुगडीची जोडीदार म्हणजे माझी थोरली जाऊ, अलका. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी गौरीला तिनं माझे हात धरले आणि तेव्हापासून आमची जोडी कधी फुटली नाही. ती काडीसारखी, मी ही अशी. लोक मुद्दाम बघायला थांबायचे. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या कामाला लागली, भांडणंही झाली, पण गौरीला फुगडी ठरलेली. आणि आता मीच जागची उठेना, म्हणजे जोडी माझ्यामुळे मोडणार, हे मला अजिबात सहन होत नव्हतं.

म्हणून मी पट्टी लावून घेतली.

मिरजेच्या रस्त्यावर एक संशोधन केंद्र निघालं होतं. तिथं साठीच्या पुढच्या माणसांवर श्रमपट्टीची चाचणी सुरू होती. गावानं तिचं नाव 'आयता घाम' ठेवलं होतं. चाचणीवरच्या डॉक्टर नूपुर आरवाडे म्हणजे पस्तिशीची, चटपटीत, आणि कुठलाही प्रश्न विचारला तरी न कंटाळणारी मुलगी. मला प्रश्न फार पडतात, त्यामुळे आमचं जमलं.

"काकू, स्नायू म्हणजे नुसती हाडं ओढणारी दोरी नव्हे," ती म्हणाली. "तो राबायला लागला की रक्तात निरोप सोडतो. निरोप म्हणजे बारीक बारीक रेणू. ते चरबीला सांगतात, वितळ. यकृताला सांगतात, साखर आवर. मेंदूलाही जाऊन सांगतात, बाई कामात आहे. चालण्याचे जे फायदे आपण मोजतो, त्यातले पुष्कळसे या निरोपांचे असतात. आम्ही ते निरोप बाहेर तयार करतो आणि या पट्टीतल्या केसाहून बारीक सुयांमधून हळूहळू रक्तात सोडतो. शरीराला वाटतं, बाई सकाळपासून चालतेय."

"आणि बाई?"

"बाई बसून ब्लाउजला हुक लावतेय."

"म्हणजे शरीराला फसवायचं म्हणा की."

"निरोप खरा आहे, काकू. पाठवणारा तेवढा दुसरा."

शिवाय झोपेत ही पट्टी मांड्यांच्या स्नायूंना हलके झटके द्यायची, म्हणजे चरबीबरोबर स्नायूही झिजू नयेत. सगळा विचार केलेला होता. मला तर ते इतकं आवडलं की तिथंच मांडीवर पट्टी चिकटवून घेऊन घरी आले.

अक्काला मात्र ते मुळीच आवडलं नाही. ती रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायची, आणि मला कितीदा तरी सोबत बोलवायची.

"चल म्हटलं की तुझे गुडघे दुखतात," ती म्हणाली, "आणि आता कातडीला चिकटवून घेऊन चालणार होय?"

"अक्का, तुमच्यासाठीच करतेय. फुगडीसाठी."

"माझ्यासाठी करायचं होतं तर माझ्याबरोबर आली असतीस की," असं म्हणून ती जिना चढून गेली. त्या बोलण्यात राग होता तसं थोडं दुखणंही होतं, पण माझं लक्ष तेव्हा पट्टीकडे होतं.

वजन खरंच उतरलं. काट्यापेक्षा मला ते ब्लाउजवरून आधी कळायचं. थंडी संपेतो माझे सगळे ब्लाउज दोनदा उसवून आत घेतले. गुडघे दुखायचे थांबले, साखर आटोक्यात आली. रिक्षा माझ्याशी बोलेनाशी झाली. मी खूश होते. खूश म्हणजे काय, आरशासमोरून गेले की काहीतरी विसरल्यासारखं करून परत मागे यायची. श्रावण लागला तेव्हा माझ्या अंगावरचं पंधरा-वीस किलो कुठल्या कुठे गेलं होतं, आणि हे सगळं खुर्चीत बसून.

पण काही गमतीही व्हायला लागल्या. कपाट आणि पलंग यांच्यामधून मी अजून आडवी होऊनच जायची, आता तिथून दोघी गेल्या असत्या तरी. खुर्चीवरून उठताना इतका जोर लावायची की उठून दोन पावलं पुढेच जायची. जिन्याच्या पायरीवर पाय असा आपटायची की वरून अक्का विचारायची, "कोण आलंय?" केंद्रात सांगितलं तर त्यांनी माझे डोळे, कान, पायांची ताकद, हाडं सगळं तपासलं. सगळं उत्तम. नूपुरनं ते लिहून घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघत राहिली.

नागपंचमीला आम्ही दोघी अंगणात सरावाला उभ्या राहिलो. चवडे जुळवले, हातांची अढी घातली. अक्का नेहमीसारखी मागे झुकली, मीही झुकले, आणि पहिला फेरा पुरा व्हायच्या आत अक्का सरळ मागच्या मागे पडली. तिच्यावर मी. तिनं हात टेकला तो मनगटात मोडला.

प्लास्टर घालून आणल्यावर तिचा मुलगा शिवराज माझ्याशी शांतपणेच बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "काकू, आता पुरे. आईचं वय बघा, तुमचं बघा. फुगडी बंद." मी मान हलवली. दुसरं काय करणार? अक्का पलंगावर पडून छताकडे बघत होती. शिवराज बाहेर गेल्यावर म्हणाली,

"मला वाटलं तू हात सोडलास."

"नाही हो अक्का! देवाशपथ नाही."

"ते कळलं मला. हात हातातच होता. पण हाताच्या पलीकडं कुणी नव्हतंच गं."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. भाजी पाठवायची, पण स्वतः खाली यायची नाही. त्या वर्षी गौरी आल्या आणि गेल्या. आम्ही दोघी कडेला बसून इतरांसाठी टाळ्या वाजवल्या, त्याही वेगवेगळ्या बाजूंना बसून.

केंद्रात तर वेगळंच चाललं होतं. पडलेली मी एकटी नव्हते. पट्टीवाले बरेच जण पडले होते. कुणी न्हाणीघरात, कुणी सपाट रस्त्यावर. सगळ्यांच्या तपासण्या उत्तम, आणि तरी पडत होते. चाचणी बंद पडायची वेळ आली होती. तोवर नियम निघाला: पडलेल्यांनी एक तर पट्टी परत करायची, नाहीतर धावणं, उड्या, नाच सगळं सोडायचं.

"आणि फुगडी?" मी विचारलं.

"फुगडी तर नाहीच, काकू."

म्हणजे फुगडीसाठी वजन उतरवलं, आणि उतरलेलं वजन तसंच ठेवायचं तर फुगडी सोडायची. मला राग आला. पण रागापेक्षा जास्त मला ते अक्काचं वाक्य छळत होतं. हात हातात आणि पलीकडे कुणी नाही, असं कसं होईल? मी तसंच्या तसं ते नूपुरला सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मग तिनं मला उभं करून फुगडीत कशा झुकता ते दाखवायला लावलं, बाजूनं बघितलं, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"काकू, भरलेली समजून रिकामी घागर कधी उचलली आहे?"

"उचललीय की. हात एकदम वर जातो."

"का जातो? कारण मेंदूनं घागरीला हात लावायच्या आधीच ठरवलेलं असतं, किती जोर लावायचा. डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू आहे, तो दिवसभर हेच करतो. पाऊल टाकायच्या आधी अंदाज, टाकल्यावर चूक किती झाली त्याचा हिशोब, पुढच्या पावलाला दुरुस्ती. चालून चालून वजन उतरवणाऱ्याचा अंदाज पावलागणिक सुधारत जातो. त्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही वजन उतरवलंत बसून. शरीर बदललं, अंदाज जुनाच राहिला."

मला एकदम उमगलं. "म्हणजे मी जुन्या मापावर शिवतेय."

"अगदी तसंच. फुगडीत जड माणसाला थोडंसं झुकलं तरी पुरतं, हलक्याला खूप झुकावं लागतं. तेव्हा कुठे दोघांची ओढ सारखी होते. तुम्ही हलक्या झालात, पण झुकलात जुन्या उज्ज्वलाकाकूंएवढ्याच. मग समोरच्याला तोलणार कोण?"

त्या दिवशी पडण्याचं कोडं सुटलं खरं, पण उपाय सापडला नव्हता. नूपुरनं एक हलणारी फळी मागवली. तिच्यावर उभं राहून तोल सांभाळायचा, चूक झाली की ती शिट्टी वाजवणार. मी इमानेइतबारे फळीवर उभी राहिले आणि काही आठवड्यांत फळीवर उभी राहण्यात पटाईत झाले. जिना मात्र अजून आपटतच चढत होते. फळीचं काय, ती सगळ्यांना सारखीच हलते. तिला माझं काही देणंघेणं नाही.

"नूपुर, इथं माणूस पाहिजे," मी म्हटलं. "समोरून ओढणारं. मी चुकले तर ज्याला लागेल असं."

"आहे का कुणी?"

कोण होतं ते दोघींनाही माहीत होतं.

अक्काचं प्लास्टर निघालं होतं. मी वर गेले, सगळं समजावून सांगितलं. घागर सांगितली, माप सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलत राहिली.

"नको गं," ती म्हणाली. "तुझं तुला कळलं, चांगलं झालं. पण मला आता धीर होत नाही. हात पुढं केला की ते पडणं आठवतंय."

मी खाली आले. रात्रभर विचार वगैरे काही केला नाही, मला तेवढा दम नसतो. सरळ मांडीवरची पट्टी ओढून काढली, कातडीही थोडी सोलली, आणि तशीच परत वर गेले. ती पट्टी तिच्या शेंगांच्या ताटात ठेवली.

"ही घ्या. मी परत जाडी होते. वर्षभरात होते, बसून शिवायचं तर आहेच. मग धरा माझा हात. मला गुडघे दुखले तरी चालतील, अक्का, पण तुम्ही दुसरीकडे तोंड करून बसलेल्या मला चालत नाहीत." एवढं बोलून मी रडायला लागले. ठरवून गेले नव्हते, पण आलं.

अक्का एकदम उखडली. "येडी का काय तू? एवढी वर्षं तुला ओढून ओढून माझे खांदे गेले, आणि आता कुठं हलकी झालीस तर पुन्हा जाड होतीस? उचल ती पट्टी. शेंगांना चिकटली बघ."

"मग तुम्ही..."

"आणि पडले ती काय एकट्या तुझ्यामुळं?" शेंग हातात तशीच होती. "मी पण त्या जुन्या उज्जीला धरायलाच मागं झुकले होते की. तू काट्यावर कमी झालीस. माझ्या अंगातनं कुठं कमी झालीस अजून?"

नूपुरच्या सगळ्या यंत्रांना जे सापडलं नव्हतं ते तिनं शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं. जुनं माप एकट्या माझ्यात नव्हतं, दोघींत होतं.

"सकाळी घाटावर ये," अक्का म्हणाली. "चालत ये. रिक्षा बघू नकोस."

पट्टी मी पुन्हा लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही घाटावर जायला लागलो. नूपुरही यायची. आमच्या हातांत तिनं पातळ मोजे घातले होते, कुणाची ओढ किती ते त्यातून तिला कळायचं. गोल फिरणं नाहीच. फक्त चवडे जुळवायचे, हात धरायचे आणि मागे झुकायचं. पहिल्या दिवशी अक्का झुकलीच नाही, नुसती ताठ उभी. नंतर थोडी झुकली आणि घाबरून परत आली. मला तर मागे झुकणं म्हणजे विहिरीत पडणंच वाटायचं. इतकं झुकायची मला सवय कुठे होती? "अजून ये," अक्का म्हणायची. "अजून. अगं मी हाय, ये." मी इवलीशी सरकायची. हाताला तिची ओढ लागायची, तिला माझी, आणि कधीतरी एखादा क्षण असा यायचा की दोघी आपसूक स्थिर व्हायचो. मोज्यांचे आकडे बघून नूपुर ओरडायची, "हां! हेच!" कपडे धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून हसायच्या. हसू देत.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या लक्षात आलं की मी कपाट आणि पलंगामधून सरळ चालत गेले. मुद्दाम मागे येऊन पुन्हा गेले. पुन्हा सरळच. तशी अक्काला सांगायला वर गेले, तर ती म्हणाली, "आलीस कधी? पायरी वाजली नाही."

नूपुरनं मग इतर पडलेल्यांनाही जोडीनं बोलवलं. हात धरून झुकायला शिकवलं, आणि पडणं कमी झालं, तशी नाच-फुगडीवरची बंदीही उठली. त्यातून एक नियम निघाला, तो आता सगळीकडे लागू आहे: श्रमपट्टी एकट्या माणसाला मिळत नाही. अर्ज करताना जोडीदार सांगावा लागतो, आणि त्याला रोज येऊन हात धरावे लागतात.

यातून काय काय झालं ते बघायला मला फार मजा येते. लग्नाला चाळीस वर्षं झालेली जोडपी घाटावर येतात आणि हात धरायचे म्हटल्यावर आधी इकडे तिकडे बघतात. एक निवृत्त मामलेदार बायकोबरोबर झुकले, तेव्हा ती म्हणाली, "हे एवढं कधी माझ्यावर विसंबलेच नव्हते." एका जोडप्यानं दोनच दिवसांत पट्टी परत केली, म्हणे आम्हाला वजन परवडलं. दोन भाऊ वाटणीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते, ते पट्टीसाठी एकमेकांसमोर येऊन उभे राहिले. अजून बोलत नाहीत, पण झुकतात. आणि ज्यांना कुणीच नाही ते घाटाच्या पायरीवर येऊन बसतात, आणि एखादा एकटा चालत आला की उठून उभे राहतात. पट्टीनं माणसांना खुर्चीत बसवायचं ठरवलं होतं, आणि ती त्यांना सकाळी सहाला नदीवर आणते आहे. यात जिंकलं कोण, पट्टी की अक्का, हे मी नूपुरला विचारलं. तिनं ते अजून लिहून घेतलेलं नाही.

आणि मग गौरी आल्या.

यंदा फुगड्या घाटावरच्या पिंपळाखाली होत्या, उन्हं कलल्यावर. शिवराज कडेला उभा होता, दोन्ही हात अर्धवट पुढे करून, जसं काही आम्हाला झेलणारच. नूपुर पहिल्या रांगेत होती. मोजे नव्हते. अक्कानं हात पुढे केले. ते मी धरले.

"आहेस का?" तिनं विचारलं.

"आहे."

चवडे जुळवले. झुकलो. पहिला फेरा अडखळत गेला, शिवराज एक पाऊल पुढे आला. मी अजून मागे गेले, होतं नव्हतं तेवढं सगळं वजन तिच्या हातात देऊन टाकलं, आणि फुगडी लागली. पैंजण, टाळ्या, गाणं सगळं एकात एक मिसळलं. मान मागे पडली आणि मला वर दिसलं ते मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. पिंपळाचा सगळा शेंडा गरगर फिरत होता, पानांच्या मधून आभाळ फिरत होतं आणि खूप उंचावर एक घार होती, ती तेवढी एका जागी होती.

"अक्का!" मी ओरडले. "हे तुम्हाला दरवर्षी दिसायचं?"

"दिसायचं की!" ती धापा टाकत हसली. "तुला काय दिसायचं मग?"

एवढी वर्षं मी जड होते, झुकायचीच नाही, सरळ समोर बघत फिरायची.

"तुम्ही," मी म्हटलं.

फिरता फिरता अक्काच्या बोटांची पकड घट्ट झाली, आणि दोघींनी मिळून आणखी एक फेरा घेतला.